टॅम्पाच्या धक्क्यावर आपली शिणाणी: खायची का, खरवडायची का, आणि ती तिथे पोचली कशी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही मूळचे रत्नागिरीचे, सध्या फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहता. घरामागे खाडीत लाकडी धक्का आहे, त्याच्या खांबांवर ओहोटीला हिरव्या काठाची शिणाणी (शिंपल्यांचा एक प्रकार) दिसली, लहानपणी आजी खडपावरून काढून आणायची अगदी तशीच. शेजारी म्हणाला ही इन्व्हेसिव्ह आहे, म्हणजे बाहेरून येऊन बेसुमार पसरणारी, काढून टाक. आता तुम्ही विचारताय की ही खरंच आपलीच का, खाल्ली तर चालतील का, आणि सगळ्यांनी मनावर घेऊन खाल्ली तर संपणार नाहीत का.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी २६ वर्षं जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून, आणि आता जहाजांच्या तळावर काय उगवलंय ते तपासायचं काम करतो. जीवशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. पण या शिंपल्यांशी माझा रोजचा संबंध आलाय, पाइपात, कूलरमध्ये, तळाच्या कोपऱ्यात, त्यामुळे जे सांगतो ते त्या बाजूनं सांगतोय हे लक्षात घ्या.

पहिलं उत्तर सोपं आहे. हो, बहुतेक आपलीच. पर्ना विरिडिस, इंग्रजीत एशियन ग्रीन मसल, केरळात कल्लुम्मक्काया, आपल्याकडे शिणाणी. मूळ घर हिंदी महासागर आणि पॅसिफिकचा उष्ण पट्टा, म्हणजे आपला किनारा, थायलंड, फिलिपिन्स वगैरे. पण 'बहुतेक' म्हणतोय त्याला कारण आहे. फ्लोरिडात परदेशातून आलेलं आणखी एक शिंपलं आहे, चारू मसल म्हणतात त्याला, मायटेला. त्याच्यात काळी, तपकिरी आणि कधी हिरवट छटाही सापडते, आणि लहान असताना माणूस सहज फसतो. ओळखायचं असेल तर रिकामी शिंप उजेडात धरा. शिणाण्याची आतली बाजू निळसर पांढरी, मोत्यासारखी चकचकीत असते, आणि बाहेरून लहानपणी सगळं अंग पोपटी हिरवं, मोठं झाल्यावर तपकिरी होतं पण काठाला हिरवी पट्टी राहते. चारू मसलची आतली बाजू जांभळट काळी असते. साइजही बघा, शिणाणी सहज ८-१० सेंटिमीटर होतात, चारू मसल त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलाय खाण्याबद्दल, पण तुमच्या मजकुरात मला जे टोचलेलं दिसतंय ते वेगळं आहे. आपल्याकडे ज्या वस्तूसाठी लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, केरळात कासरगोडजवळ पडन्नाला ज्याची दोरीवर शेती करून कित्येक घरं चालतात, तीच वस्तू तिथे शत्रू कशी काय? याचं उत्तर शिंपल्यात सापडत नाही, आजूबाजूला बघावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर शिणाण्यांना दरवर्षी पावसाळा झोडपतो, खाड्यांमधून गोड्या पाण्याचे लोंढे येतात, खडपावर उथळ जागी बसलेली कित्येक मरतात, पाऊस संपला की नवीन पिल्लं बसतात. वर त्यांना खाणारे खेकडे आहेत, गोगलगायी आहेत, मासे आहेत आणि आपण आहोत. हा हिशोब हजारो वर्षांत बसलेला आहे. नवीन किनाऱ्यावर तो हिशोब नसतो, तिथल्या खाणाऱ्यांना हे खाणं ओळखीचं नसतं, आणि या प्राण्याचा वेग तर विचारू नका. चांगल्या कोमट पाण्यात महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतं, दोन-तीन महिन्यांत अंडी घालण्याइतकं मोठं होतं, एक मादी एका वेळी लाखो अंडी सोडते, आणि पिल्लं साधारण दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत प्रवाहाबरोबर कुठेही जातात. एकावर एक थर चढतात. तिथल्या कालवांच्या बेटांवर जाऊन बसली की खालची कालवं गुदमरतात, टॅम्पा बेमध्ये काही ठिकाणी हे झालेलं आहे.

ती तिथे आली कशी, हा भाग मला जवळचा आहे म्हणून जरा लांबण लावणार.

नोंदीप्रमाणे कॅरेबियनमध्ये ती पहिल्यांदा दिसली १९९० मध्ये, त्रिनिदादला. १९९३ पर्यंत समोरच्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर. १९९८ मध्ये जमैकात, किंग्स्टन बंदरात. आणि १९९९ मध्ये तुमच्या टॅम्पा बेत, आणि तीही खडकावर नाही दिसली, एका वीज केंद्राच्या कूलिंगच्या पाण्याचा बोगदा साफ करायला उतरलेल्या डायव्हरना दिसली. हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. शिणाण्याला काय हवं असतं? सतत वाहतं पाणी म्हणजे आयतं खाणं, कडक पृष्ठभाग, आणि अंधार-उजेडाची फिकीर नाही. बोगदा म्हणजे त्याच्यासाठी राजवाडाच. आपल्याकडे कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात समुद्राचं पाणी आणणाऱ्या बोगद्यात हीच शिणाणी वर्षानुवर्षं डोकेदुखी आहेत, आणि ते तर त्यांचं स्वतःचं घर. फ्लोरिडाच्या पुढे, २००३ पर्यंत ती शेजारच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरही सापडली.

कॅरेबियनपर्यंत हजारो मैल पोहत कोणी गेलं नाही, ती जहाजावरूनच गेली असणार. दोन वाटा आहेत. एक बॅलास्ट, म्हणजे रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून टाकीत भरलेलं समुद्राचं पाणी, एका बंदरात भरायचं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना सोडायचं, त्यात तरंगती पिल्लं. दुसरी वाट तळाला चिकटून. लोकांना बॅलास्टच माहीत असतं, पण शिंपल्यांच्या बाबतीत मला स्वतःला तळाची जास्त भीती वाटते, कारण बॅलास्टमधून पिल्लू जातं तर तळावरून वयात आलेली आख्खी वसाहत जाते, नर मादी सकट, आणि बंदरात कोमट पाणी लागलं की तिथल्या तिथे अंडी सोडते.

तुम्ही म्हणाल तळाला तर विषारी पेंट असतो. असतो, पण सगळीकडे नसतो. जहाज दुरुस्तीला ड्रायडॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत घेतात तेव्हा ते लाकडी-काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसतं, त्या ठोकळ्यांखालच्या जागेला रंग लागतच नाही, पुढच्या डॉकिंगला ठोकळे सरकवले नाहीत तर त्याच जागा पुन्हा कोऱ्या राहतात. शिवाय सी चेस्ट, म्हणजे तळाला जाळीमागे असलेली पेटी जिथून इंजिनाला थंड पाणी ओढलं जातं, तिथे पेंट नीट मारणं कठीण आणि पाणी मात्र चोवीस तास वाहतं. बो थ्रस्टरचा, म्हणजे जहाजाचं नाक बाजूला ढकलणाऱ्या पंख्याचा बोगदा, सुकाणूच्या सांधी, प्रॉपेलरजवळचे कोपरे, सगळी तीच गत. आणि आजचे बरेच पेंट जहाज चालतं तेव्हा घासून घासून ताजे राहतात, जहाज उभं राहिलं की त्यांचा असर कमी होतो.

एक प्रसंग सांगतो. आमचं जहाज भारताच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर नांगरावर पाच-सहा आठवडे बर्थची, म्हणजे धक्क्याला जागा मिळायची वाट बघत उभं होतं, पाणी छान कोमट, २८-२९ अंश. नंतर निघालो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जनरेटरचं कूलिंग वॉटरचं टेंपरेचर चढायला लागलं, लोड कमी केला तरी उतरेना. सी वॉटर स्ट्रेनर, म्हणजे आत येणारं समुद्राचं पाणी गाळणारी जाळी, उघडला. झाकण काढल्या काढल्या तो ओला खारट वास, खडपावर ओहोटीला येतो ना तोच, आणि आत बास्केटला आतून बाहेरून अंगठ्याच्या नखाएवढी पोपटी शिणाणी, इतकी दाट की जाळी दिसेना. उपटून निघेनात. प्रत्येकाचे ते केसासारखे तपकिरी धागे जाळीच्या भोकांतून पलीकडे जाऊन चिकटलेले, शेवटी सुरीनं धागे कापत कापत काढली. प्लेट कूलर उघडला तर तिथे शिंपांचे तुकडे अडकलेले. दोन बादल्या भरल्या. मी कोकणातला माणूस, ती बघून क्षणभर घरची आठवण आली हे खरं सांगतो. पण पुढे जे केलं ते आजही बोचतं. पुढच्या बंदराबाहेर नांगर टाकल्यावर कोणीतरी विचारलं, साहेब या बादल्यांचं काय करू, आणि मी म्हटलं टाक समुद्रात. त्यातली निम्मी तरी जिवंत होती, बादलीत पाणी घातल्यावर शिंपा उघडत होत्या. त्या बंदरात नंतर काय झालं मला माहीत नाही, कदाचित काहीच नाही. पण तेव्हा ते वाक्य बोलताना माझ्या मनात हा प्रश्न आलाच नव्हता, आणि त्या काळी बहुतेक इंजिन रूममध्ये कोणाच्याच मनात येत नव्हता. तुमच्या खांबावरची शिणाणी तिथे पोचण्यामागे असाच कुठलातरी 'टाक समुद्रात' असू शकतो.

आता नियम बरेच सुधारलेत. बॅलास्टचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला सप्टेंबर २०१७ ला, आणि सप्टेंबर २०२४ पासून करारातल्या जहाजांना बाहेर सोडायच्या पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला १० पेक्षा कमी ठेवावे लागतात. त्यासाठी जहाजावर यूव्ही (अतिनील किरण) किंवा क्लोरीन बनवणारी यंत्रणा बसवतात. तळाच्या बाबतीत मात्र जगभरासाठी अजून फक्त मार्गदर्शक सूचना आहेत, २०११ च्या, २०२३ मध्ये सुधारलेल्या. न्यूझीलंडनं २०१८ पासून आपल्यापुरतं सक्तीचं केलं, तळ घाण असेल तर जहाज परत पाठवतात. माझ्या कामात मला दिसतं की ज्या मार्गावर न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया आहे त्या जहाजांचे सी चेस्ट आधीच साफ केलेले असतात, बाकीच्यांचे कूलर गरम झाल्याशिवाय कोणी उघडत नाही. सक्तीनं फरक पडतो हे मी रोज डोळ्यानं बघतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, खायची का.

प्राणी खाण्यालायक आहे यात शंकाच नाही. पण शिणाणं हे गाळणं आहे, दिवसभर पाणी आत घेऊन त्यातलं सगळं गाळून अंगात साठवतं, त्यामुळे ते किती सुरक्षित हे तुमच्या धक्क्याच्या पाण्यावर ठरतं. आजीच्या खडपावर उघड्या समुद्राचं पाणी होतं. तुमच्या खाडीत आजूबाजूच्या घरांचं, बोटींचं, पावसात रस्त्यावरून वाहून येणारं पाणी आहे. शिवाय फ्लोरिडाच्या त्या किनाऱ्यावर रेड टाइड येते, करेनिया ब्रेव्हिस नावाचं सूक्ष्म शैवाल, त्याचं विष शिंपल्यात साठतं आणि ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, कोकम घालून जात नाही. खाल्लं तर तोंड-हातपाय बधिर होणं, गरम-गार उलटं जाणवणं, उलट्या, चक्कर असला त्रास होतो. म्हणून फ्लोरिडाचं शेतीखातं शिंपल्यांसाठी खाडीचे भाग ठरवून देतं, कुठला भाग आज उघडा, कुठला बंद, ते त्यांच्या नकाशावर दिसतं आणि मोठ्या पावसानंतर उघडे भागही बंद करतात. घरामागच्या खाड्या बहुतेक बंद भागात येतात. तर माझं स्पष्ट मत, धक्क्यावरची खाऊ नका, मन कितीही झालं तरी. उघड्या भागात, लायसन्स काढून, त्या दिवसाचा नकाशा बघून काढलीत तर तो वेगळा विषय.

मग सगळ्यांनी खाऊन संपवता येतील का? नाही, आणि हे वाईट वाटतं लिहायला, कारण कल्पना सुंदर आहे. जिथे पिल्लं तरंगत येतात तिथे तुम्ही एक खाडी खाऊन रिकामी केलीत तरी शेजारच्या खाडीतून पुढच्या महिन्यात भरते. दुसरं, एकदा विक्रीचा बाजार तयार झाला की कोणालातरी ती हवीशी वाटायला लागते आणि तो एखादी बादली नव्या जागी नेऊन टाकतो, हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. तिसरं, अर्धवट काढणं कधी उलटं पडतं याचं उदाहरण शिंपल्यांचं नाही, खेकड्यांचं आहे, पण बोलकं आहे. कॅलिफोर्नियात स्टिन्सन बीचजवळ सीड्रिफ्ट नावाचं बंदिस्त तळं आहे, तिथे युरोपियन ग्रीन क्रॅब पकडून पकडून सव्वा लाखाच्या आसपासचे २०१३ पर्यंत १० हजारांच्या खाली आणले, आणि २०१४ मध्ये ते जवळजवळ ३ लाख झाले. मोठे खेकडे लहानांना खातात, मोठे काढले तर लहान सगळे वाचले. शिणाण्यांचं गणित वेगळं आहे, पण काढायला लागण्याआधी त्या प्राण्याला रोखणारं नेमकं काय आहे हे बघावं लागतं.

आणि शिणाण्यांना तुमच्याकडे रोखणारी गोष्ट आहे, थंडी. पाणी १४ अंशांच्या खाली उतरून बरेच दिवस राहिलं की ती मरायला लागतात, त्यात ओहोटीला उघडी पडणारी आधी. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत टॅम्पा बेमध्ये ढिगानं मेली होती. त्याआधी २००५ च्या रेड टाइडमध्येही बरीच गेली. म्हणून ती जॉर्जियाच्या वर फार सरकू शकली नाहीत. आता हिवाळे सौम्य होत चालले तर ही वेस किती दिवस टिकेल, ही काळजी मला खरोखर आहे.

पूर्ण संपवल्याचं एक उदाहरण आहे म्हणून सांगतो, म्हणजे अगदीच हताश वाटायला नको. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९९९ च्या मार्चमध्ये काळ्या पट्ट्यांचं एक शिंपलं सापडलं, मायटिलॉप्सिस, जे आपल्या मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत कित्येक वर्षांपासून ठाण मांडून आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तिथे एकही नव्हतं आणि आता एका चौरस मीटरला २० हजारांच्या वर. त्यांनी काही दिवसांत तीन मरिना (खासगी बोटींच्या गोद्या) बंद केल्या, आत टनावारी क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, बाहेर गेलेल्या बोटी शोधून शोधून तपासल्या, महिन्याभरात संपवलं. २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर खर्च. पण ते जमलं कारण त्या मरिनांना लॉक गेट होती, दारं लावून पाणी कोंडता आलं, आणि सापडलं लवकर. आतल्या माशांसकट सगळं मेलं हेही खरं. टॅम्पा बेला दार नाही.

तेव्हा तुमच्या धक्क्यापुरतं काय करायचं. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा. खरवडायची असतील तर हिवाळ्यात, ओहोटीला करा, आणि खरवडलेलं पाण्यात पडू देऊ नका, खाली ताडपत्री किंवा जाळी धरा, पिशवीत भरून कचऱ्यात. पाण्यात पडलेलं शिणाणं मरत नाही, नवे धागे काढून दुसरीकडे चिकटतं. उन्हाळ्यात धाग्यांसकट खेचाखेच नको, कारण ताण बसला की काही वेळा ती तिथेच अंडी-वीर्य सोडतात, हे मी तळ साफ करताना पाणी दुधासारखं होताना बघितलंय. बोट असेल तर वापर नसताना पाण्याबाहेर ठेवा, आउटबोर्ड इंजिन दर वेळी गोड्या पाण्यानं फ्लश करा, पण एकदा फ्लश केलं की सगळी मेली असं समजू नका, शिणाणं शिंप घट्ट मिटून बराच काळ कळ काढतं. क्लोरीनचंही तसंच, एकदम जोरात मारलं की तोंड मिटून बसतं, मोठ्या प्लांटमध्ये कमी मात्रेत सतत देतात तेव्हा त्याला खाता येत नाही आणि मग मरतं. घरच्या धक्क्यावर ब्लीच ओतायचा विचार मात्र अजिबात करू नका, तिथली बाकीची जीवसृष्टी आधी जाईल. आणि काहीही झालं तरी जिवंत शिणाणी बादलीतून दुसऱ्या खाडीत, मित्राच्या धक्क्यावर, एक्वेरियममध्ये न्यायची नाहीत.

ही गोष्ट एकाच दिशेची नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. मी वर चारू मसल म्हटलं ना, ते मूळ दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचं. तेच आता केरळात वेंबनाड आणि अष्टमुडीत पसरलंय, तिथले लोक त्याला वरत्तन कक्का म्हणतात, म्हणजे उपरा शिंपला. तिथली कालवं, शिंपल्या, त्यावर पोट असलेली माणसं, सगळ्यांना त्याचा फटका बसलाय. सिंगापूरला तर त्यानं आपल्या शिणाण्यांनाच काही जागांवरून हटवलं. म्हणजे आपली तिकडे आणि तिकडची इकडे, जहाजं तीच.

तुमच्या खांबावरच्यांचा फोटो काढाल तेव्हा शेजारी एखादं नाणं ठेवा, एक शिंप उघडून आतली बाजूही दाखवा, जागा आणि तारीख लिहा, आणि अमेरिकेच्या यूएसजीएस (भूशास्त्रीय सर्वेक्षण) खात्याकडे परक्या जलचरांची नोंद ठेवायची सोय आहे तिथे पाठवा. आणि पुढच्या वेळी रत्नागिरीला आलात की मिरकरवाड्याच्या बंदरावर ओहोटीला चक्कर मारा, बोटींच्या तळाला आणि धक्क्याच्या भिंतीला आतून जांभळट शिंपांचे झुबके दिसतात का ते बघा. दिसले तर मला इथेच कळवा, मी येऊन बघेन.